पायरीवरचा त्रागा

रणजित सावर्डेकर पहिल्यांदा आमच्या दारात आला तेव्हा घरात पाहुणे बसले होते. हा योगायोग नव्हता, पण ते मला नंतर कळलं. माझ्या बायकोच्या, म्हणजे त्रिशलाच्या, मामेबहिणीला बघायला कुरुंदवाडची मंडळी आली होती. बैठक आमच्याकडे होती, कारण "तुमच्याकडं ठेवू या का?" असं विचारल्यावर मला नाही म्हणता आलं नव्हतं. मी उपिटाच्या बशा घेऊन बाहेर येतोय, तर दारात इस्त्रीचा शर्ट घातलेला तिशीचा एक माणूस उभा. त्याने पायरीवर मांडी घातली आणि हात जोडले.

"शीतलदादा, सहजपतकडून आलोय. आत येत नाही. तुमचं चालू द्या."

मग त्याने चप्पल हातात घेतली आणि स्वतःच्या थोबाडात मारायला सुरुवात केली.

लुटुपुटीचं मारणं नव्हतं ते. हात मागे नेऊन, नेम धरून, पुन्हा पुन्हा त्याच गालावर. ओठ फुटला, हनुवटीवरून रक्त शर्टावर आलं, तरी तो थांबेना. मधूनमधून म्हणायचा, "दादांचा काही दोष नाही. मलाच वसूल करता येत नाही, माझीच लायकी नाही." मुलाची आई तोंडाला पदर लावून उठली. मी बशा खाली ठेवल्या, फोन काढला आणि एका क्रेडिट कार्डातून पैसे उचलून दुसऱ्या कार्डाचा हप्ता भरला. त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने चप्पल पायात घातली, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. उपिटाला कुणी हात लावला नाही. सोयरीक तिथंच मोडली.

माझं नाव शीतल मगदूम. सांगलीबाहेरच्या लोकांना हे बाईचं नाव वाटतं. आमच्या जैनांत शीतलनाथांवरून ते पुरुषांना सर्रास ठेवतात. टाइल्सच्या एका शोरूममध्ये मी विक्रीला होतो. आमच्या घरात मुंगीसुद्धा फुंकर घालून बाजूला करतात. अशा माणसाच्या दारात रक्त सांडायचं, हे ज्याने ठरवलं त्याच्या हुशारीला आज मी दाद देतो. त्या दिवशी मात्र न्हाणीघराची कडी लावून रडलो होतो.

पूर्वी वसुलीवाले दारात येऊन शिव्या द्यायचे, कॉलर धरायचे, बायकापोरांना फोन करायचे. मग कायदा कडक झाला. कर्जदाराला हात लावायचा नाही, आवाज चढवायचा नाही, धमकी द्यायची नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण सहजपत या कार्ड कंपनीत कुणीतरी इतिहास वाचलेला माणूस बसला होता. जुन्या काळी सावकार देणेकऱ्याच्या दारात माणूस बसवायचे. तो उपाशी बसायचा, त्याला धरणं म्हणत. तेवढ्यानं भागलं नाही तर तो तिथंच स्वतःला जखम करून घ्यायचा, आणि त्याचं पाप देणेकऱ्याच्या माथी जायचं. त्याला त्रागा म्हणत. आता आपण बायकोने भांडी आपटली की त्याला त्रागा म्हणतो, मूळ अर्थ विसरलो. कंपनी विसरली नाही. कर्जदाराला मारायला बंदी होती; स्वतःला मारून घ्यायला नव्हती.

आता प्रश्न असा, की हा प्रयोग सगळ्यांवर कसा चालेल? निर्ढावलेला माणूस खुर्ची टाकून बघत बसेल. तेव्हा कोण बघत बसेल आणि कोण रडेल हे आधी कळायला हवं. त्यासाठी यंत्र होतं.

त्या यंत्राचं तत्त्व सोपं आहे. माणसाला मनापासून 'हो' म्हणायचं असेल तर तो पटकन म्हणतो. 'नाही' म्हणायचं असूनही जमत नसेल, तर 'हो'च्या आधी एक आवंढा गिळतो. घशाचे स्नायू आखडतात, श्वास क्षणभर अडतो, आवाजात एक बारीक थरथर येते. आपल्या कानाला ती कळत नाही, फोनवरच्या यंत्राला कळते. लाखो लोकांचे फोन ऐकून यंत्र हे आवंढे ओळखायला शिकलं आणि प्रत्येक माणसाला एक आकडा देऊ लागलं. कंपनीने त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. लोक त्याला भीडांक म्हणायचे. पूर्वी पगार बघून कार्ड द्यायचे, आता भीडांक बघून देऊ लागले. कारण पगार आज आहे, उद्या नाही. भिडस्त माणूस मात्र मरेपर्यंत भिडस्त असतो.

भीड भिकेची बहीण, असं आमचे वडील म्हणायचे. म्हणायचे तेवढंच, स्वतः तीन गावच्या लोकांना जामीन राहून गेले. माझ्याकडे सहजपतची कार्डं कशी आली? 'कोमल' नावाच्या मुलीचा फोन यायचा. "दादा, एक कार्ड घ्या ना, माझं टार्गेट राहिलंय, नोकरी जाईल हो माझी." मी आवंढा गिळून 'हो' म्हणायचो. कोमल नावाची मुलगी जगात नव्हती, ते यंत्रच होतं, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मला नाही म्हणवत नव्हतं. आता बोला.

आणि ती कार्डं मी स्वतःसाठी कधी वापरलीच नाहीत. त्रिशलाच्या भावाचं, सुकुमारचं, मोबाइलचं दुकान होतं. "दाजी, माल उचलायचाय, जरा कार्ड मारा की. सीझन झाला की देतो." दर सीझनला हेच. सीझन झाला की सुकुमार नवी गाडी घ्यायचा आणि आम्हाला पेढे द्यायला यायचा. मी पेढा खायचो, विषय काढायचो नाही. मेहुण्याकडे पैसे कसे मागायचे? व्याजावर व्याज चढत गेलं. महिन्याचा पगार यायचा आणि हप्त्यांत विरघळून जायचा.

कोमलचे फोन बरोबर वेळ साधून यायचे. बसदीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, स्वाध्यायाला बसलो की, साहेबांच्या केबिनमध्ये असलो की, घरात वडीलधारं माणूस आलं की. फोन आजूबाजूचे आवाज ऐकतो आणि चारचौघांत माणसाची भीड वाढते, हे यंत्राला पक्कं ठाऊक होतं. कुरुंदवाडचे पाहुणे त्यानेच ऐकले होते.

रणजित दुसऱ्यांदा आला तो रविवारी सकाळी. या वेळी त्याने आमच्या लोखंडी फाटकाच्या बिजागरीत स्वतःचं बोट घातलं आणि दुसऱ्या हाताने फाटक ओढलं. हाड मोडल्याचा आवाज मला हॉलमध्ये ऐकू आला. त्रिशला अनवाणी धावली. तिने त्याचं बोट पाण्याखाली धरलं, हळद दाबली, स्वतःची ओढणी फाडून बांधली, आणि ते करता करता हातातल्या बांगड्या काढून माझ्यापुढे टाकल्या. मी त्या विकून हप्ता भरला. परत आलो तेव्हा रणजित पायरीवर बसून चहा पीत होता. त्रिशलाने त्याला विचारलं, असलं काम का करतो. तो म्हणाला, त्याच्यावरही सहजपतचं देणं आहे. आईच्या ऑपरेशनला कार्ड वापरलं होतं. प्रत्येक भेटीमागे कंपनी त्याचं थोडं देणं कमी करते. जखम जितकी मोठी तितकी वजावट मोठी. त्याचा भीडांक माझ्यापेक्षाही वरचा होता. नाही म्हणता येत नाही अशीच माणसं कंपनीने दोन्ही बाजूंना बसवली होती.

तो गेल्यावर त्रिशलाने पायरी धुतली. पाणी गुलाबी होऊन गटारात गेलं. मग आत येऊन ती माझ्यासमोर उभी राहिली.

"पुन्हा या पायरीवर रक्त सांडलं तर मी दानोळीला जाणार. राहायला नाही, कायमची. मला बघवत नाही ओ. तुमचं देणं मी फेडीन, उपाशी राहीन, पण हे नाही."

दानोळी तिचं माहेर. त्रिशला बोलली की करते. लग्नानंतर एकदा तिने चहा सोडते म्हटलं होतं, आजतागायत घेतलेला नाही. ती गेली असती तर माझ्याजवळ काही उरलं नसतं. माझं तिच्यावर प्रेम होतं, हे सांगायला मला तेव्हा लाज वाटायची. आता वाटत नाही म्हणून सांगतो: शोरूममधून घरी येताना तिचा आवाज कोपऱ्यावर ऐकू आला की माझ्या पायांना वेग यायचा.

म्हणून मी मिरजेला डॉक्टर शहनाज मुजावर यांच्याकडे गेलो. भीडच उरली नाही तर कंपनी दारात माणूस पाठवणार नाही, असा माझा हिशेब होता.

मिरजेत दवाखाने इतके की एखाद्याला वाटावं, गावात निरोगी माणूस राहतच नाही. डॉक्टर मुजावर मेंदूच्या. पन्नाशीच्या, बारीक, तोडून बोलणाऱ्या बाई. चारचौघांत तोंड उघडता येत नाही, वरिष्ठांपुढे घाम फुटतो, कुणाला नकार देता येत नाही म्हणून आयुष्य मातीत गेलं, अशा माणसांवर त्या उपचार करत होत्या. कवटी न उघडता. डोक्याला चहूकडून ध्वनिलहरी सोडायच्या, आपल्याला ऐकू न येणाऱ्या. एकेक लहर दुबळी असते, वाटेत कशाला इजा करत नाही. पण सगळ्या मिळून ज्या ठिपक्यावर एकत्र येतात तिथल्या पेशी गप्प होतात. भिंगाने ऊन एका जागी गोळा करावं तसं. डॉक्टरांनी ठिपका शोधला होता. कपाळामागे, दोन्ही बाजूंना, मेंदूच्या घडीत दडलेला.

"याला इंग्रजीत नेमका शब्द नाही," त्या म्हणाल्या. "शाय म्हणजे लाजाळू, तो वेगळा. म्हणून आमच्या प्रबंधात आम्ही भीड हाच शब्द ठेवला. परदेशातले लोक आता 'भीड सर्किट' म्हणतात. पण मगदूम, एक नीट ऐका. आपल्याला चटका बसला की हा ठिपका पेटतो. दुसऱ्याला चटका बसलेला बघितला तरी हाच पेटतो. तुम्हाला नाही म्हणता येत नाही, कारण समोरच्याचा पडलेला चेहरा तुम्हाला खरोखर दुखतो. भीड आणि माया एकाच दाव्याला बांधलेल्या आहेत. एक सोडली की दुसरी किती सुटेल, मला सांगता येत नाही. काहींची थोडी सुटते. काहींची सगळी."

मी विचारलं, परत बांधता येते का. त्या म्हणाल्या, येते. उलट्या लयीच्या लहरी सोडल्या की पेशी जाग्या होतात. पण तेव्हा रोग्याने स्वतः मागायला हवं. घरच्यांनी आणून बसवलेला रोगी त्या घेत नाहीत. भिडेखातर आलेला माणूस नको, एवढाच त्यांचा नियम.

मग त्यांनी विचारलं, "विचार करायला वेळ हवाय?" मी नको म्हणालो. खरं तर हवा होता. पण बाहेर रांग होती, त्यांचा वेळ कशाला घ्यायचा? माझ्या आयुष्यातली ही शेवटची भीड.

यंत्रात तासभर पडून राहिलो. काही दुखलं नाही. बाहेर आलो तेव्हा रिक्षावाल्याने जास्त भाडं सांगितलं. मी "नाही" म्हणालो. आवंढा आलाच नाही. जिना चढताना पुढची पायरी असेल असं वाटावं आणि पाय सपाट जमिनीवर पडावा, तसं झालं. मी त्या रिक्षावाल्यासमोर उभा राहून हसत सुटलो.

पुढचे दिवस झकास गेले, खोटं कशाला बोलू. कोमलचा फोन आला. "दादा, माझी नोकरी जाईल." मी म्हणालो, जाऊ दे. तिने रडून दाखवलं, आजारी बापाचं सांगितलं, मी भाकरी खात ऐकत राहिलो. शेवटी यंत्र गप्प झालं. साहेबांना सांगितलं की रविवारी येणार नाही. शेजारच्या काकांना सांगितलं की त्यांची कविता वाईट आहे. त्रिशला पोट धरून हसायची. आम्ही किती वर्षांनी एवढं हसत होतो.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती, आणि डॉक्टरांच्याही. भीड गेली होती, राग गेला नव्हता. इतकी वर्षं भिडेखाली दाबून ठेवलेला राग सगळा जागच्या जागी होता, आणि आता त्यावर झाकण नव्हतं.

मी सुकुमारच्या दुकानात गेलो. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. मी म्हणालो, पैसे. तो हसून म्हणाला, "दाजी, बसा की, चहा सांगतो. सीझन झाला की..." मी काउंटरवरून हात घालून त्याची मान धरली आणि त्याचं तोंड काचेच्या शोकेसवर आपटलं. काच तडकली. त्याने सुटायला हात वर केला, तो मी पाठीमागे पिरगाळला. खांदा सरकल्याचं मला बोटांना कळलं. तो ओरडत होता, आणि मला आठवतंय, मी त्या ओरडण्यात काहीतरी शोधत होतो. पूर्वी एखाद्याच्या डोळ्यांत पाणी आलं की माझ्या घशात येऊन बसायचं ते. घसा कोरडा होता. दुसऱ्या हाताने त्याने तिथंच फोनवरून पैसे पाठवले. गाडी विकून राहिलेले चार दिवसांत दिले. पोलिसांत गेला नाही. बहिणीची अब्रू, असं काहीतरी म्हणाला. तो भिडस्तच निघाला की.

मी ते सगळे पैसे सहजपतला भरले. जेवढं उचललं होतं तेवढं फिटलं. उरलं फक्त व्याज, दंड, आणि दंडावरचं व्याज. ते मी देणार नाही असं कळवून टाकलं.

घरी त्रिशला हसायची थांबली होती. भावाला दवाखान्यात बघून आली आणि माझ्याशी बोलली नाही. मी कारण विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला खरंच कळत नाही?" मी म्हणालो, पैसे मिळाले, देणं फिटलं, तुला हेच हवं होतं. यात चुकीचं काय होतं ते मला आजही कुणी नीट समजावून दिलेलं नाही. दोन दिवसांनी कोपऱ्यावर शेजारची चिमुरडी सायकलवरून पडली. गुडघा फुटून रडत होती. मी तिला ओलांडून पुढं आलो, आणि त्रिशलाने ते गॅलरीतून पाहिलं. रात्री तिने पलंगावरची तिची उशी उचलली आणि हॉलमध्ये झोपली.

रणजित तिसऱ्यांदा आला तेव्हा मी ओसरीत नाश्ता करत होतो. घरात पाहुणे असले काय नि नसले काय, कंपनीला आता फरक पडत नव्हता. माझ्या आवाजातून यंत्राला काही मिळतच नव्हतं. तरी त्यांनी त्याला पाठवलं, आणि का ते त्यानेच सांगितलं. हे खातं वसूल झालं नाही तर आतापर्यंत त्याला मिळालेली सगळी वजावट रद्द होणार होती. तो हात जोडून उभा होता. मोडलेलं बोट वाकडंच जुळलं होतं.

मी म्हणालो, घेतलेलं सगळं परत केलंय. वरचं देणार नाही. तू काय करायचं ते कर.

त्याने चपलेने सुरुवात केली. मी खात राहिलो. मग त्याने डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, मग जोरात, मग आणखी जोरात. भिंतीवर डाग उठला. त्रिशला आतून धावत आली आणि दारातच थिजली. रणजित मधूनच माझ्याकडे बघायचा, माझ्या चेहऱ्यावर काही हललं का ते. हलत नव्हतं. मग त्याने दाराशेजारच्या खिडकीच्या काचेत मूठ घातली. काच फुटली. त्याने हात बाहेर काढला नाही, फुटलेल्या काचेवर दाबून खाली ओढला. रक्त भिंतीवरून पायरीवर आलं आणि पायरीवरून अंगणात.

"दादा, बास म्हणा की," तो म्हणाला. "पैसे नका देऊ. नुसतं एकदा बास म्हणा. मला थांबता येईना झालंय."

त्रिशला त्याच्याकडे झेपावली. मी तिचं मनगट धरलं. तिला मी समजावून सांगितलं, आणि हिशेब अगदी सरळ होता: हा कंपनीचा डाव आहे. आपण हललो की ते पुन्हा माणूस पाठवणार. आज नाही हललो तर कायमचं संपलं. ती माझ्या हातावर नखं ओढत होती, चावत होती, रडत होती. मी तिला सोडलं नाही. माझ्या हातात तिचं मनगट वळलं आणि ती कळवळली, तरी सोडलं नाही. रणजित भिंतीला टेकला, मग घसरत खाली बसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो अजून काहीतरी म्हणत होता, बहुतेक बासच.

माझा फोन वाजला. सहजपतचा संदेश होता: वसुली अशक्य, खातं कायमचं बंद. मी तो त्रिशलाला दाखवला.

तिने फोनकडे पाहिलं नाही. माझा हात सैल पडल्याबरोबर ती रणजितकडे धावली, त्याच्या दंडाला ओढणी आवळली, रस्त्यावर जाऊन ओरडून रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने आणि तिने मिळून त्याला उचललं. मी त्यांना फाटक उघडून दिलं.

संध्याकाळी ती परत आली. रणजित वाचला होता. उजव्या हाताची बोटं पुन्हा हलणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. तिच्या कपड्यांवर रक्त वाळलं होतं. तिने अंघोळ केली, बॅग भरली, दाराशी ठेवली. मग माझ्यासमोर येऊन बसली. आवाज शांत होता.

"मी जाणार नाही, फक्त एक करा. उद्या माझ्याबरोबर मिरजेला चला. मुजावर मॅडमना सांगा, परत बांधा म्हणून. तुम्ही स्वतः सांगायला लागतंय, माझं त्या ऐकणार नाहीत."

मी विचार केला. हे मी नीट सांगतो, कारण लोकांना वाटतं मी विचार केला नाही. मला ती घरात हवी होती. तिच्या हातची भाकरी हवी होती, तिचा आवाज हवा होता. तिला ठेवायचं म्हणून तर मी त्या यंत्रात जाऊन पडलो होतो. पण परत तो घसा, तो आवंढा? परत कोमल, परत सुकुमार, परत दारात कुणीतरी चप्पल हातात घेऊन? मला तो माणूस पुन्हा व्हायचं नव्हतं. त्या माणसाला तिने नुसतं विचारलं असतं तरी तो आवंढा गिळून 'हो' म्हणाला असता, आणि आज सुखात असता.

"नाही," मी म्हणालो.

"माझ्यासाठी?"

"नाही."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, पाणी प्यायला गेली असेल. गॅस पेटवल्याचा आवाज आला. बराच वेळ ती आतच होती, म्हणून मी बघायला गेलो. तिने तवा ठेवला होता, त्यातून धूर निघायला लागला होता. मी दारात आलेला बघून तिने ओढणीने कपाळ पुसलं.

"माझ्याकडं बघा," ती म्हणाली. "इकडं तिकडं बघू नका."

आणि तिने उजव्या हाताचा तळवा तव्यावर टेकला.

चर्र असा आवाज झाला. तिचा चेहरा फाटल्यासारखा झाला, पण तिने डोळे माझ्या डोळ्यांतून काढले नाहीत, हातही काढला नाही. मी बघत होतो. मी खरंच प्रयत्न करत होतो. कपाळाच्या मागे, दोन्ही बाजूंना, जिथं तो ठिपका आहे असं डॉक्टरांनी चित्रात दाखवलं होतं, तिथं काही हलतंय का याची मी वाट बघत होतो. वास आला. तिच्या तोंडून एक आवाज निघाला, माणसाचा वाटू नये असा. मी अजून वाट बघत होतो.

तिने हात उचलला. कातडीचा तुकडा तव्यावर राहिला.

"झालं काही?" तिने विचारलं.

खोटं बोलायला भीड लागते.

"नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली. हात नळाखाली धरला, थोडा वेळच. मग डाव्या हाताने बॅग उचलली आणि पायरी उतरून गेली. दानोळीची शेवटची बस अजून मिळाली असती.

मी गॅस बंद केला. तवा रिकामाच तापत होता.